प्राचीन ग्रीक शोकात्मिका : आशय आणि नाट्यतंत्र

अथेन्समध्ये इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून डायोनायसस देवाच्या उत्सवात सादर होऊ लागलेला पद्यात्म नाट्यप्रकार. नटांचे संवाद, वृंदाचे गायन व नृत्य आणि मुखवटे ही त्याची प्रमुख अंगे होत. आज संपूर्ण उपलब्ध असलेली नाटके एस्किलस (इ.स.पू. सु. ५२५–४५६), सॉफोक्लीझ (सु. ४९६–४०६) व युरिपिडीझ (सु. ४८०–४०६) या तिघांच्याच नावावर आहेत. पहिल्या दोघांची प्रत्येकी सात व युरिपिडीझची एकोणीस नाटके टिकली. मात्र त्या एकोणिसांतील ‘सायक्लॉप्स’ हे सॅटर-नाटक (डायोनायससच्या सॅटर या अर्धपशू अनुचरांचा वृंद असलेले विनोदी नाटक) आहे, आणि ‘ऱ्हीसस’ व एस्किलसचे म्हणून दिले जाणारे ‘प्रॉमिथ्यूस बाउंड’ यांच्या कर्तृत्वाविषयी मतभेद आहेत.

या प्रकाराच्या उगमाचा प्रश्न जुना आणि अजूनही अनिर्णित आहे. ‘ट्रॅगोडिया’ या संज्ञेत ‘बोकड’ व ‘गीत’ या अर्थांचे दोन शब्द आहेत, एवढे निश्चित; त्यांचा परस्परसंबंध मात्र कोणी बोकड हे स्पर्धेचे बक्षीस मानून, कोणी बोकडाच्या बळीच्या वेळचे गाणे मानून, तर कोणी बोकडासारखा वेष केलेल्या सॅटरांचे गाणे मानून लावला आहे. अ‍ॅटिक कलशचित्रांतील सॅटरांना सहसा घोड्याचे कान व शेपूट असल्यामुळे यांतील शेवटचा अर्थ दुबळा ठरतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे शोकात्मिका डिथिरॅम या डायोनायससच्या वृंदस्तोत्राच्या म्होरक्यांपासून निघाली. पण ती सॅटरस्वरूपातून हळूहळू गंभीर झाली, असेही तो त्याच ठिकाणी सांगतो, आणि या दोन विधानांची सांगड सहज बसत नाही. वृंदातून वेगळा होऊन बोलणारा पहिला नट म्हणून थेस्पिसचे नाव परंपरेने येते. ‘सुदा’ या दहाव्या शतकातील बायझंटिन कोशाने त्याचा काळ ६१ व्या ऑलिंपियाडमधील (दोन ऑलिंपिक खेळांमधील चार वर्षांच्या कालखंडातील) दिला असून त्यावरून इ.स.पू. ५३४ च्या सुमाराचे वर्ष रूढ झाले आहे; ते अंदाजाचेच समजावे. मरणाऱ्या व पुन्हा जन्मणाऱ्या वर्षदेवतेच्या विधीतून शोकात्मिका आली, ही गिल्बर्ट मरी यांनी १९१२ मध्ये मांडलेली उपपत्ती एके काळी फार लोकप्रिय होती. पिकर्ड-केंब्रिज यांनी १९२७ मध्ये तिची तपशीलवार चिकित्सा केल्यानंतर तिला फारसा आधार उरला नाही.

कालनिर्णय किती ठिसूळ असतो, याचे उदाहरण एस्किलसच्या ‘सप्लायंट्स’चे आहे. वृंदालाच नायकत्व दिलेले हे नाटक सर्वांत प्राचीन असले पाहिजे, असे दीर्घकाळ गृहीत धरले जाई. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथील पपायरसाच्या तुकड्याने ते इ.स.पू. ४६० च्या दशकात आणून ठेवले. त्यामुळे उपलब्ध नाटकांत इ.स.पू. ४७२ चे ‘पर्शियन्स’ हेच पहिले ठरते.

आशयाच्या दृष्टीने कवी बहुधा मोजक्याच राजघराण्यांच्या पुराणकथांकडे वळत. समकालीन विषय जोखमीचा होता: फ्रिनिकस या नाटककाराने पर्शियनांनी केलेल्या मिलेटस या ग्रीक नगराच्या पाडावावर नाटक केले तेव्हा प्रेक्षक रडले आणि आपल्याच दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल त्याला एक हजार द्राख्मांचा दंड झाला, असे हेरॉडोटस सांगतो. ‘पर्शियन्स’मध्ये पर्शियनांच्या पराभवाचा विषय ताजा असला तरी शोक शत्रूच्या दरबारातला आहे. ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीत (४५८) कुळातील सूडाची साखळी अखेर न्यायसभेपुढे येऊन थांबते. ‘अँटिगॉनी’त मृताच्या दफनाचे कर्तव्य आणि राजाज्ञा समोरासमोर उभ्या राहतात. युरिपिडीझच्या ‘ट्रोजन विमेन’मध्ये (४१५) पराभूत नगरातील स्त्रियांच्या वाट्याला एकामागून एक आघात येतात.

या नाटकांचे तंत्र समजून घेताना अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’चा आधार घ्यावाच लागतो, परंतु तो ग्रंथ चौथ्या शतकातला, म्हणजे ही नाटके प्रथम झाल्यानंतर बऱ्याच काळाचा आहे, आणि त्यात सॉफोक्लीझचे ‘इडिपस’ हा जणू आदर्श नमुना आहे. स्थितिविपर्यास (परिस्थितीची अचानक उलथापालथ) व अभिज्ञान (खरी ओळख पटणे) त्या नाटकात एकाच क्षणी घडतात; ‘ट्रोजन विमेन’ला ही चौकट लागू पडत नाही, तर युरिपिडीझच्या ‘आयन’चा शेवट चक्क सुखद आहे. ‘हमार्शिया’ म्हणजे नायकाच्या स्वभावातला दोष, हा पाठ्यपुस्तकांतून रुळलेला अर्थ मूळ शब्दापेक्षा नैतिक बाजूला अधिक झुकतो. अज्ञानातून झालेली चूक हा अर्थ संदर्भाशी जास्त जुळतो. ‘कॅथार्सिस’साठी, म्हणजे करुणा व भीती यांद्वारे प्रेक्षकावर होणाऱ्या परिणामासाठी, मराठीत रूढ असलेला ‘विरेचन’ हा वैद्यकातला शब्द याकोब बेर्नायस यांच्या १८५७ च्या विवेचनाशी जवळचा आहे. शुद्धी किंवा भावनांचे स्पष्टीकरण असेही अर्थ सुचवले गेले आहेत.

प्रेक्षकांना कथा ठाऊक असे, म्हणून उत्कंठा ‘काय घडेल’ यापेक्षा ‘कोणाला केव्हा कळेल’ यावर उभी राही. लायस राजाच्या मारेकऱ्याला इडिपस शाप देतो, तेव्हा तो शाप त्याच्यावरच पडतो आहे हे सर्वांना कळते, त्याला सोडून. एकेका ओळीचे सवाल-जवाब, ज्यांना स्टिकोमिथिया म्हणतात, हे असे ज्ञान थेंबाथेंबाने बाहेर काढण्याचे साधन होय. हत्या व मृत्यू सहसा नजरेआड घडत आणि दूताच्या दीर्घ निवेदनातून येत. सॉफोक्लीझच्या ‘एजॅक्स’मधील आत्महत्या प्रेक्षकांसमोर होते का, यावर वाद आहे.

एस्किलसने दुसरा व सॉफोक्लीझने तिसरा नट आणला, असे अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. नटांच्या संख्येच्या या मर्यादेतून निर्माण झालेले परिणाम विशेष लक्षणीय आहेत. ‘अ‍ॅगमेम्नॉन’मध्ये (‘ओरेस्टिया’तील पहिले नाटक) ट्रॉयची बंदिवान भविष्यवेत्ती कॅसान्ड्रा इतका वेळ मूक राहते की ती बोलणारी भूमिका नसावी असे वाटू लागते, आणि मग तिचा आक्रोश उसळतो. त्याच त्रयीतील पुढच्या नाटकात ओरेस्टीझचा मित्र पिलाडीझ याला केवळ तीनच ओळी आहेत. आईला मारण्यापूर्वी ओरेस्टीझ कचरतो त्या क्षणी पिलाडीझ अपोलोच्या आदेशाची आठवण देतो. वृंदातील संख्या बारावरून पंधरा झाली, ती सॉफोक्लीझने वाढवली अशी परंपरा आहे.

एकिक्लेमा हा चाकांचा फलाट आतले प्रेत बाहेर दाखवण्यासाठी वापरत. त्याचा स्पष्ट पुरावा अ‍ॅरिस्टोफनीझच्या ‘अकार्नियन्स’मधील (४२५) विडंबनात मिळतो, हा फलाट एस्किलसच्या वेळी होता की नाही हे विवाद्य आहे. देवतांना वरून आणणारी यारी युरिपिडीझने अनेकदा उपयोगात आणली. ‘मीडिया’त (४३१) मात्र त्या उंचीवर, सूर्याने दिलेल्या रथात, स्वतः मीडियाच दिसते. डायोनायससच्या रंगभूमीवरील नृत्यांगण गोल होते हा समजही पाचव्या शतकापुरता संशयास्पद आहे, कारण अथेन्सच्या प्रदेशातील थॉरिकॉस येथील प्राचीन प्रेक्षागृहाचे अंगण जवळजवळ चौकोनी आहे.

संगीत मुख्यतः आउलॉस या दोन नळ्यांच्या फुंकवाद्यावर चाले. या संगीताच्या स्वरलेखनाचा अवशेष म्हणून युरिपिडीझच्या ‘ओरेस्टीझ’मधील वृंदगीताच्या काही ओळी एका पपायरसावर सापडल्या आहेत. हा पपायरस सु. इ.स.पू. २०० चा असल्याने त्यातील चाल कवीची स्वतःचीच आहे, असे खात्रीने म्हणता येत नाही.