दाबोळी धावपट्टीवरील बॉम्बफेक (१९६१)

गोवा मुक्तीच्या ‘ऑपरेशन विजय’ मोहिमेत भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बर विमानांनी १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव पठारावरील दाबोळी विमानतळावर केलेला हल्ला. धावपट्टी निकामी करायची, पण टर्मिनलची इमारत आणि इतर सोयींना धक्का लावायचा नाही, असा वैमानिकांना हुकूम होता. उद्या आपल्यालाच वापरायची वास्तू आज कशाला पाडायची, हा त्यामागचा सरळ हिशेब.

पोर्तुगिजांनी हा विमानतळ १९५५ मध्ये सुरू केला. भारताने नाकेबंदी आवळत नेली तसा बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवायला त्यांना या धावपट्टीचाच मोठा आधार उरला. कराचीकडे जाणारी विमाने इथूनच सुटत.

१८ तारखेला सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून आलेल्या १२ कॅनबेरांनी काही मिनिटांत ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन, बॉम्ब धावपट्टीवर टाकले. पाठोपाठ विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या तुकडीतील ८ कॅनबेरा आल्या. बेळगावजवळच्या सांब्र्याहून निघालेल्या ६ हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले. गोव्यात पोर्तुगिजांची सेबर लढाऊ विमाने असल्याची बातमी भारतीय बाजूला होती. ती खोटी निघाली. समोर लढाऊ विमान एकही नव्हते. पण हे नंतर कळले. पुण्याहून निघताना वैमानिकांनी मनाची तयारी केली असेल ती सेबर गृहीत धरूनच. प्रत्यक्षात मोहिमेत हवाई दलाचे एकही विमान शत्रूने पाडले नाही.

हल्ल्याच्या यशाचे वर्णन मात्र जरा हात राखूनच करावे लागते. तळावर उभी असलेली एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४ ही दोन प्रवासी विमाने धडधाकट राहिली. पोर्तुगिजांनी खड्ड्यांची जमेल तशी डागडुजी केली आणि रात्रीच्या अंधारात, शाबूत राहिलेल्या आखूड पट्टीवरून, अधिकाऱ्यांच्या बायकामुलांसह ही दोन्ही विमाने कराचीला काढली. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. पुढे विमानतळ नौदलाकडे गेला आणि १९६४ मध्ये ‘आयएनएस हंसा’ हा तळ तमिळनाडूतील सुळूरहून इथे हलला.

दाबोळीवर कॅनबेरांना प्रतिकारच झाला नाही, त्यामुळे या विमानातल्या माणसांची जोखीम गोव्याच्या कथेत दिसत नाही. हवाई दलाच्या बॉम्बर कॅनबेरा प्रामुख्याने बी(आय)५८ प्रकारच्या होत्या. वैमानिक डाव्या बाजूला सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली एकटा बसे आणि त्याला इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, होती. नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग सांगणारा जोडीदार, पुढे नाकात. नेम धरताना तो पालथा पडून काचेतून खाली बघे. त्याला इजेक्शन सीट नव्हती. विमान पेटले तर हॅच उघडून, पॅराशूटसह, स्वतःच्या बळावर बाहेर पडायचे. कमी उंचीवर किंवा गरगरत्या विमानात हे जवळपास अशक्यच. विमानाच्या रचनेतली ही विषमता आज वाचतानाही खटकते.

तिची किंमत १९६५ च्या युद्धात कळली. कॅनबेरा तेव्हा मुख्यतः रात्री पाकिस्तानी तळांवर जात. सप्टेंबरमधील अशाच एका मोहिमेवरून परतणारी कॅनबेरा पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने अंधारात पाडली. वैमानिक इजेक्ट होऊन वाचला आणि युद्धकैदी झाला; नॅव्हिगेटर गेला. विशीतिशीतल्या अशा जोड्या एकाच विमानात बसत, पण दोघांच्या वाचण्याची शक्यता सारखी नसे. कॅनबेरा त्यानंतरही दीर्घकाळ उडत राहिली आणि २००७ मध्ये निवृत्त झाली.

गोव्यावरील हवाई मोहिमेची एकूण सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. ते गोमंतकीय घराण्यातले. पूर्वजांच्याच भूमीवरील हल्ल्याची जबाबदारी त्यांच्यावर आली, याची म्हणावी तशी दखल घेतली जात नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछ भागात त्यांचे हेलिकॉप्टर तारांना धडकून कोसळले. लेफ्टनंट जनरल दौलत सिंग आणि लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग हेही त्याच हेलिकॉप्टरमध्ये होते; या अपघातात कुणीही वाचले नाही.