अ‍ॅक्सिलरेटर दाबला म्हणजे इंजिन ऐकतंयच असं नाही

संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या प्लांटमधून स्कोडाची ऑक्टाव्हिया निघायला लागली २००१ मध्ये, आणि २०१७ ला तिचीच जास्त ताकदीची नवी आरएस आली, २ लिटरचं टर्बो इंजिन, २३० हॉर्सपॉवर, ३५० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) आणि तो सगळा पुढच्या दोन चाकांवर. आता असल्या गाड्यांना आपल्याकडं लय पोरं स्टेज १ रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायचं काम, मारून घेतात, संभाजीनगर, नांदेड, लातूर कुठंही बघा, आणि पहिला प्रश्न एकच असतो, किती हॉर्सपॉवर वाढली. माझ्या मते त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळाय, तो म्हणजे एवढी ताकद रस्त्यावर उतरणार कशी.

थोडं गणित करू, अवघड नाही. ३५० चा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून साधारण बारा पट होतो, म्हणजे ४२०० न्यूटन मीटर. चाकाची त्रिज्या ३२ सेंटीमीटर धरली तर टायर रस्त्याला जवळजवळ १३०० किलोच्या जोरानं मागं ढकलायला बघतंय. आता गाडी १४०० किलोची, त्यातलं पुढच्या चाकांवर साडेआठशेच्या आसपास, आणि जोरात निघालं की वजन मागं सरकतं म्हणून पुढं उरतं सातशे-साडेसातशे. कोरड्या चांगल्या डांबरावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण ०.९ पट जोर धरतो. म्हणजे पकड साडेसहाशे-सातशे किलोची आणि ढकलणारा जोर १३००. निम्मी ताकद तर कंपनीच्या सेटिंगलाच जास्तीची आहे, रीमॅपचं नंतर बघू. आणि हे झालं कोरड्या डांबरावर. ऊसाचा सीझन चालू असताना वावरातून निघालेल्या ट्रॉल्यांनी रोडवर काळ्या मातीचा थर आणलेला असतो, त्यावर चार थेंब पडले की पकड याच्या निम्म्याहूनही खाली जाते. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि टायरच्या नक्षीत भरून बसते, मग टायरला डांबर लागतच नाही.

तरी नवी गाडी अशा ठिकाणी निमूट निघते, चाक जागेवर भिरभिरत नाही, याचं कारण असं की तुमचा पाय आणि इंजिन यांच्यात आता केबल राहिलेलीच नाही. पेडलखाली सेन्सर आहे, तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, फक्त मागणी कळवतो की ड्रायव्हरला एवढा टॉर्क पाहिजे. त्याच वेळी गिअरबॉक्स सांगतो गिअर बदलतोय जरा कमी कर, एसी सांगतो मला थोडा दे, आणि चाकाची घसरण आवरणारा ट्रॅक्शन कंट्रोल सांगतो डावं चाक घसरतंय ताबडतोब कमी कर. हे सगळं एकाच भाषेत चालतं, न्यूटन मीटरमध्ये. १९९० च्या दशकाच्या शेवटी बॉशच्या ईसीयूमध्ये ही टॉर्कची पद्धत आली आणि मला विचाराल तर टर्बोच्या गाडीला खरी शिस्त तिथून लागली. बाकीचे तुकडे आधीपासूनच होते, बॉशचीच इंधन आणि स्पार्क एकत्र सांभाळणारी मोट्रॉनिक १९७९ ची, एबीएस १९७८ चं, आणि चाकाचा स्पीड मोजणारे एबीएसचे सेन्सरच ट्रॅक्शन कंट्रोलचे डोळे आहेत. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किती जास्त फिरतायत एवढंच तो बघत राहतो. थोडी स्लिप, म्हणजे घसरण, लागतेच, दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास टायर सगळ्यात जास्त ओढतो, त्याच्या पुढं गेलं की पकड पण कमी होते आणि स्टेअरिंगचंही ऐकणं बंद.

आता खरी गंमत टर्बोची, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याची. साध्या इंजिनचा टॉर्क कमी करायचा तर थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, बंद केला की काम झालं. टर्बोची टर्बाइन मिनिटाला लाखाच्या वर फिरत असते, ती लगेच थांबत नाही, आणि थ्रॉटलच्या पुढं भरलेली हवा इंजिन ओढून घेईपर्यंत टॉर्क येतच राहतो. चाक घसरायला तेवढा वेळ भरपूर झाला. म्हणून ईसीयू आधी स्पार्क उशिरा देतो. हे लय फास्ट काम आहे, ६००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २०० स्पार्क पडतात, म्हणजे पुढचाच स्पार्क कमी जोराचा करता येतो, आणि क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा साधारण ३६,००० वा भाग एवढ्या बारकाईनं हा हिशोब चाललेला असतो. पण इथं एक पेच आहे. स्पार्क उशिरा पडला की पेट्रोलची बरीच उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते, ती गरम हवा टर्बाइनला अजून जोरात फिरवते, म्हणजे टॉर्क कमी करायला गेलो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब, वाढायला लागला. म्हणून त्याच क्षणी वेस्टगेट नावाची झडप उघडून एक्झॉस्टला दुसरी वाट द्यावी लागते, थ्रॉटलही थोडा मिटावा लागतो, आणि चाक परत पकडीत आलं की हे सगळं उलट्या क्रमानं हळूहळू सोडावं लागतं, नाहीतर थांबलेला बूस्ट एकदम येतो आणि चाक दुसऱ्यांदा घसरतं. एक चाक डांबरावर आणि एक साइडपट्टीच्या चिखलात असेल तर इंजिन कमी करून भागत नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, म्हणजे चिखलातलं चाक जेवढा घेईल तेवढाच डांबरावरच्याला. मग भिरभिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतात, त्याला अडवलं की डांबरावरच्या चाकाला जोर मिळतो.

आता रीमॅपचं. बूस्ट वाढवताना ईसीयूची आतली टॉर्कची मर्यादा आडवी येते, आणि बरेच ट्यूनर सोपा रस्ता घेतात, टॉर्कचं टेबलच असं बदलतात की इंजिन ४५० देतंय पण ईसीयूला वाटतंय ३५०. गाडी पळते, डायनोचा, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनचा, कागद भारी दिसतो, पण ट्रॅक्शन कंट्रोलनं १०० कमी कर म्हटलं की तो हिशोब खोट्या आकड्यावर होतो, गिअरबॉक्सही क्लचला किती दाबायचं ते त्याच आकड्यावर ठरवतो. मला हे काम चुकीचं वाटतं. नीट ट्यून करणारा टेबल खऱ्या टॉर्कशी जुळवून मर्यादा वाढवतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला बूस्ट मुद्दाम कमी ठेवतो, कारण तिथं पकड नाहीच.

आणि आपल्याकडचा उन्हाळा वेगळाच. परभणीच्या मे महिन्यात ४२ डिग्रीची हवा एक बारनं दाबली की टर्बोतून १३०-१४० डिग्रीनं बाहेर पडते, हवा थंड करणारा इंटरकूलर तिचं तापमान खाली आणतो पण पुण्याच्या डिसेंबरएवढी नाही. गरम हवेत नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन वेळेआधी आपोआप भडकणं, लवकर होतं, ब्लॉकवरचा नॉक सेन्सर तो आवाज ओळखतो आणि ईसीयू त्या सिलिंडरचा स्पार्क मागं घेतो, म्हणजे उशिरा देतो. म्हणजे उन्हात पॉवर कमी झाली तर गाडी स्वतःला वाचवतेय, बिघाड नाही. आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पण आलंय, ज्यातलं काही इथेनॉल आपल्याच ऊसापासून बनतंय. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागं १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त टाकावं लागतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्बडा सेन्सर बघून ईसीयू ते जुळवतो, पण रीमॅपनं इंधन फवारणारे इंजेक्टर आधीच टोकाला नेले असतील तर जास्तीचं इंधन आणायचं कुठून? त्यामुळं ट्यून करणाऱ्याकडं डायनोचा कागद नका मागू, लॉग, म्हणजे गाडी चालवताना ईसीयूतून नोंदवलेले आकडे, मागा. भर दुपारी, तिसऱ्या गिअरमध्ये, फुल पेडलवर इनटेकचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचा मागं घेतलेला स्पार्क, लॅम्बडा, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट. स्पार्क सारखा चार-पाच अंश मागं जात असेल तर बूस्ट खाली आणायला सांगा.

एका ठिकाणी मात्र ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून ते बंद करावं लागतं. वावराच्या कडेला काळ्या मातीत गाडी रुतली की तो घसरण बघून टॉर्क कापत राहतो आणि गाडी जागची हलत नाही, तिथं टायरला थोडं फिरू दिलं तरच नक्षीतली माती बाहेर फेकली जाते. दुसरा गिअर, हलकं पेडल, आणि डांबरावर चाक आलं की बटण परत चालू.