विश्वास आणि विहीर: थोडी पार्श्वभूमी

कोविडच्या वेळी आमच्या ओळखीतल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांच्या दारावर स्तोत्र ९१ चिकटवलेलं होतं, "मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही" वालं, आणि त्याच दाराच्या आत स्टुलावर सॅनिटायझरची बाटली. त्यावरून घराघरात वाद झाले. देवावर भरवसा आहे तर मास्क कशाला, असं म्हणणारे होते, आणि मास्क लावतोय म्हणजे विश्वास कमी पडला का असं मनातल्या मनात कुढणारेही होते. मला या कुढणाऱ्यांचंच जास्त वाईट वाटायचं.

हा वाद खूप जुना आहे आणि खुद्द बायबलमध्येच आहे. मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभं करतो आणि म्हणतो उडी टाक, देवदूत तुला झेलतील, आणि त्यासाठी वचन कुठलं काढतो तर हेच स्तोत्र ९१! येशू उत्तर देतो की तुझा देव प्रभू याची परीक्षा पाहू नको. नहेम्याच्या पुस्तकात तर एकाच वचनात दोन्ही गोष्टी आहेत, आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला.

१५२७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येना गावी हलवलं, पण तिथला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर गेला नाही, बायको काथरीना गरोदर होती तरी आजाऱ्यांना घरात घेतलं. ब्रेस्लाऊ शहरातल्या पाळकांनी विचारलेलं की ख्रिस्ती माणसाने प्लेगमधून पळून जावं की नाही, त्याला त्याने जे लांबलचक उत्तर लिहिलं ते २०२० मध्ये जगभर फिरलं. त्यात तो म्हणतो की मी देवाकडे रक्षण मागीन, मग घरात धुरी देईन, हवा शुद्ध करीन, औषध देईन आणि घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, पण शेजाऱ्याला गरज असेल तर मागे हटणार नाही. औषध नाकारणं म्हणजे त्याच्या मते देवाची परीक्षा पाहणं. सावधगिरी स्वतःपुरती नाही, माझ्यामुळे दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून, हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो.

आपल्याकडे हे सगळ्यात खरं जगून दाखवलं ते पंडिता रमाबाईंनी. १८७४ पासूनच्या दुष्काळात त्यांचे वडील, मग आई, मग बहीण गेली. घरात जे होतं ते दानधर्म आणि तीर्थयात्रेत संपलेलं, भीक मागायला आणि हलकं काम करायला अभिमान आड यायचा आणि पोटापुरतं कमवायचं कसं हे कोणी शिकवलंच नव्हतं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. भावाबरोबर पायी फिरताना झेलमच्या काठी थंडीत दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात झोपले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हे ज्या बाईने भोगलंय तिला नुसतं "देव बघेल" म्हणणं शक्यच नव्हतं.

ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं, जो अनाथालयासाठी माणसांकडे पैसे मागायचा नाही, फक्त प्रार्थना करायचा. पण तो आलेल्या पै पैचा हिशोब ठेवून दरवर्षी अहवाल छापायचा हे लोक विसरतात. भारतात असं देवावर विसंबून जगता येईल का, असा प्रश्न रमाबाईंना पडला. पुण्यात त्या विधवांसाठी शारदा सदन चालवायच्या, त्याला मिळणाऱ्या अमेरिकेतल्या मदतीची हमी दहाच वर्षांची होती, १८९८ ला संपणार, म्हणून त्यांनी आधीच पुणे-सोलापूर रेल्वेलाईनवर केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली, फळझाडं लावली, विहिरी खणल्या.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, तिथे एवढ्या जणींना ठेवता येईना, म्हणून सगळ्या केडगावला. ती जमीन आधी घेतलेली नसती तर त्या पोरींना कुठे नेलं असतं? १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीमध्ये, म्हणजे केडगावच्या या आश्रमात, दोन हजारांच्या जवळपास जणी होत्या. रोज प्रार्थना व्हायची, आणि रोज विणकाम, शिवणकाम, शेती, तेलघाणी, छापखाना, कारण प्रत्येक मुलीच्या हाताला काम यायलाच हवं हा बाईंचा हट्ट होता, जे त्यांच्या आईवडिलांना कोणी शिकवलं नव्हतं ते.