कॉम्प्युटरचा हॉटस्पॉट

तारेने घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलेले इंटरनेट त्याच कॉम्प्युटरच्या वायफायमधून फोन, टॅबलेट वगैरे हातातल्या उपकरणांना पुरवण्याची पद्धत. विंडोजच्या खिडक्यांत तिचे नाव ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ असे येते. इंदूरच्या मराठी घरांत ‘सिस्टमवरून नेट दिलंय’ एवढ्यावर भागते. डेस्कटॉपला ‘सिस्टम’ म्हणण्याची सवय इथल्या हिंदीतून मराठीत आली आणि रुळली. राउटर न घेता घरात वायफाय करण्याचा हा मार्ग साधारण २००९ ते २०१६ या काळात भरात होता.

त्यामागे गरज होती. बीएसएनएलचे ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये सुरू झाले. सुरुवातीच्या अनेक मोडेमना लॅनचे, म्हणजे तारेच्या जाळ्याचे, एकच भोक असे आणि वायफाय नसे. नाव-पासवर्ड टाकून लाइन जोडायचे काम, म्हणजे पीपीपीओई, बऱ्याच घरांत कॉम्प्युटरच करी. दुसरीकडे गल्लीतला केबलवाला गच्च्यांवरून ओढलेली लॅन केबल खिडकीच्या फटीतून आत घेई, थेट कॉम्प्युटरच्या पाठीत खोची आणि त्या एकाच मशीनच्या नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस आपल्याकडे नोंदवून ठेवी. दुसरे मशीन लावले की नेट बंद. त्याच सुमारास, २००७ पासून, नोकिया एन९५, आयपॉड टच अशी वायफायवाली उपकरणे यायला लागली. मोबाईलचे टूजी मंद. थ्रीजी आले ते महाग. इंदूरच्या रामबागेतल्या घरात तार एक आणि फोन चार, भंवरकुआंच्या भाड्याच्या खोलीत तार एक आणि पोरे पाच, असा हिशेब होता.

युक्तीचा गाभा पत्ता बदलण्यात आहे. नेटवाला घराला इंटरनेटवरचा एकच पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, देतो. फोनकडून निघालेल्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, कॉम्प्युटर आपला पत्ता चिकटवतो, कोणते पॅकेट कुणाचे याची पोर्ट क्रमांकानिशी नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ते नेमक्या फोनकडे वळवतो. बाहेरच्या जगाला आत किती फोन आहेत ते कळत नाही. वाड्यात सगळ्यांची पत्रे एकाच घरनंबरावर येत आणि कोणीतरी ती बिऱ्हाडोबिऱ्हाडी पोचवी, तसाच हा प्रकार. याला नॅट म्हणतात. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतल्या, १९९४ च्या आरएफसी १६३१ मध्ये त्याचे वर्णन आहे. आतल्या उपकरणांसाठी राखीव पत्त्यांचे पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ ने ठरवून दिले. त्यांतला एकेक पत्ता फोनला देण्याचे काम, डीएचसीपी, तेही कॉम्प्युटरच करतो.

या पत्त्यांवरून देणारा कोण ते बहुधा ओळखता येते, आणि बिघाड शोधताना हे फार उपयोगी पडते. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ अशी ओळ असते. तिथे १९२.१६८.१३७.१ असेल तर समोर विंडोज ७ किंवा त्यापुढचे विंडोज आहे. १०.४२.०.१ असेल तर लिनक्सचा नेटवर्कमॅनेजर, १९२.१६८.२.१ असेल तर बहुधा अ‍ॅपलचा मॅक कॉम्प्युटर. आयफोनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर देणारा कोणीच नाही. वाट पाहून फोनने स्वतःच स्वतःला पत्ता देऊन टाकला आहे.

विंडोजमध्ये ही सोय १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून आहे, पण ती तारेने जोडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी होती. वायफायने द्यायचे तर आधी ‘अ‍ॅड-हॉक’ जाळे, म्हणजे राउटरविना उपकरणांची थेट जोडणी, करावे लागे. नोकिया ते पकडत असे, अँड्रॉइड फोनला मात्र ते यादीत दिसायचेच नाही. मुलाने हौसेने घेतलेला नवा फोन नेट पकडत नाही आणि बाबांचा जुना पकडतो, असे चमत्कारिक दृश्य त्यामुळे घरोघर दिसे. २००९ च्या विंडोज ७ ने हा पेच सोडवला: एकाच वायफाय कार्डातून खऱ्या राउटरसारखे जाळे उभे करता येऊ लागले. फक्त त्यासाठी खिडकी नव्हती, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, ‘नेटश डब्ल्यूलॅन स्टार्ट होस्टेडनेटवर्क’. मशीन पुन्हा सुरू केले की हुकूमही पुन्हा. मग लोकांनी तो नोटपॅडमध्ये लिहून बॅच फाइल (टिचकीने हुकूम चालवणारी फाइल) करून डेस्कटॉपवर ठेवली आणि घरातल्या मोठ्यांना सांगितले, ‘आजी, हे गिअरचं चित्र आहे ना, त्याच्यावर माऊसने दोनदा टिचकी.’ ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० मध्ये ‘मोबाईल हॉटस्पॉट’ हे साधे बटण आले. ते एका वेळी आठ उपकरणांना नेट देते, आणि कोणीच जोडलेले नसेल तर वीज वाचवायला आपणहून बंद होऊ शकते. सकाळी ‘नेट कुठे गेलं?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

सर्वांत नेहमीचा बिघाड असा. फोनला जाळ्याचे नाव दिसते, पासवर्डही चालतो, आणि मग पडद्यावर ‘ऑब्टेनिंग आयपी अ‍ॅड्रेस’ ही ओळ येऊन बसते ती हलत नाही. किंवा जोडणी होते पण पान उघडत नाही. बहुतेक वेळा चूक शेअरिंगच्या खुणेत असते. अ‍ॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ टॅबवर खूण करायची, ती ज्यातून नेट येते त्यावर, ज्यातून द्यायचे त्यावर नव्हे. पीपीपीओई असेल तर आणखी एक खोच: खूण लॅन कार्डावर न करता ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ नावाच्या चिन्हावर करावी लागते. विंडोज १० चे नवे बटण अशा डायल केलेल्या जोडणीपुढे अनेकदा अडून बसते, तेव्हा जुनी पद्धतच कामी येते. खूण बरोबर असूनही अडले तर ती काढून, ओके म्हणून, पुन्हा करावी. हा उपाय शास्त्रीय वाटत नाही, पण लागू पडतो.

डेस्कटॉपला वायफाय नसल्यास नखाएवढा यूएसबी डोंगल लागतो. इंदुरात तो आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून आणायचा, आणि आणताना ‘हॉटस्पॉट बनतो ना?’ हे विचारून घ्यायचे, कारण प्रत्येक डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, ते करू देत नाही. खोक्यावर १५० एमबीपीएस छापलेले असते, ते कागदावरचे. डोंगल कॅबिनेटच्या मागे खोचला की लोखंडी पत्रा आणि शेजारच्या यूएसबी ३ सॉकेटचा २.४ गिगाहर्ट्झमधला गोंगाट या दोहोंत तो दबतो. हातभर लांब एक्स्टेन्शन केबल लावून तो टेबलावर आणला तर फरक लगेच दिसतो.

जुन्या घरांत भिंतींचाही प्रश्न आहे. होळकरांचा राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. शहराच्या जुन्या भागातली कित्येक साधी घरेही त्याच बेताची: जाड भिंती, वर लाकडी तक्तपोशी. रेडिओलहरींना लाकूड फारसे अडवत नाही, हातभर रुंदीची भिंत मात्र अडवते. म्हणून खालच्या बैठकीतल्या सिस्टमचे नेट बरोबर वरच्या माडीवर खणखणीत मिळते आणि शेजारच्या स्वयंपाकघरात दोन काड्यांवर येते.

सुरक्षेच्या बाजूने ही पद्धत जितकी निष्काळजीपणे वापरली गेली तितकी वापरायला नको होती. अ‍ॅड-हॉक जाळ्यावर बहुधा वेप हे कुलूप असे, जे २००१ मध्येच तुटले होते. पुष्कळांनी तेही लावले नाही. नंतरच्या डब्ल्यूपीए२ या कुलपाला किमान आठ अक्षरे लागतात, तिथे घरचा मोबाईल नंबर टाकण्याची रीत पडली, म्हणजे अख्ख्या गल्लीला ठाऊक असलेला पासवर्ड. जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांआधीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका उघड्या वायफायवरून गेला होता आणि तपास आधी त्या जोडणीच्या मालकाच्या दारात पोचला. नॅटमुळे बाहेर दिसतो तो एकच पत्ता, आणि तो बिल भरणाऱ्याच्या नावावर असतो. शेजाऱ्याला ‘दोन दिवस वापरा’ म्हणताना एवढे लक्षात असावे.

कॉम्प्युटर जागा असेपर्यंतच नेट, ही मर्यादा शेवटपर्यंत राहिली. लाइट गेली की यूपीएस दहा मिनिटे ओरडे आणि मग सगळ्यांचे फोन एकदमच गप्प. ‘दादा, सिस्टम बंद नको करू, माझं अर्धं डाउनलोड राहिलंय’ ही विनवणी त्या काळी रोजची. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, फोनचा डेटा स्वस्त झाला. पुढे फायबरच्या पेटीतच वायफाय येऊ लागले. आता ही पद्धत उरली आहे ती एकच लॅन सॉकेट असलेल्या ऑफिसात, होस्टेलच्या खोलीत, किंवा राउटर जळाल्यावर नवा येईपर्यंत. घरांत प्रवाह उलटा झाला: नेट फोनकडे आणि कॉम्प्युटर मागणारा. सिल्व्हर मॉलमधून हॉटस्पॉटसाठी आणलेला तोच डोंगल आता फोनचे नेट डेस्कटॉपला पकडून देतो.