एल निनो आणि हवामान बदल: दोघांची गल्लत नको

पावसाने ओढ दिली की पारावर एल निनोचं नाव निघतं, आणि रात्रीत नदी गावात शिरली की हवामान बदलाचं. दोन्ही शब्द आता सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ही गल्लत मराठवाड्याला महागात पडते, म्हणून जरा फोड करून सांगतो.

एल निनो ही प्रशांत महासागरातली घडामोड. विषुववृत्तालगत पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे वारे मंदावतात, गरम पाणी पेरूच्या बाजूला पसरतं आणि आपल्याकडचा मान्सून बऱ्याचदा दुबळा होतो. दर २ ते ७ वर्षांनी तो येतो, साधारण वर्षभर राहतो, ओसरतो. १९७२ चा दुष्काळ एल निनोच्या वर्षातला. २०१५ चाही; पुढच्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तरी एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, असं नाही. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता, पण हिंदी महासागराने साथ दिली आणि देशात पाऊस सरासरीइतका झाला.

हवामान बदल असा येऊन जात नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. माणसाने सोडलेला हा वायू उष्णता अडवून धरतो, म्हणून तापमान चढत जातं. तापमान १ अंशाने वाढलं की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि पाऊस पडतो तेव्हा तेवढ्याच जोराने कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण मान्सूनचा पाऊस मात्र घटला. म्हणजे लांबलेला खंड आणि अतिवृष्टी एकाच हंगामात. आपले शेतकरी हेच तर सांगत आलेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीडमध्ये पूर आला तेव्हा एल निनो नव्हता. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड आले, नदीकाठच्या रानातली माती खरवडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. मग हा पूर हवामान बदलाचाच का? इथे गेल्या वीसेक वर्षांतलं नवं शास्त्र कामी येतं. संगणकावर दोन जगं चालवतात, एक आजच्या हवेचं आणि एक माणसाने वायू सोडलेच नसते तर असतं तसं, आणि अशी घटना कोणत्या जगात किती वेळा घडते ते मोजतात. युरोपातल्या २००३ च्या उष्णतेच्या लाटेचा धोका माणसामुळे किमान दुप्पट झाल्याचं २००४ मध्ये याच वाटेने सांगता आलं. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं नसतं, शक्यता किती वाढली असं असतं. उष्णतेच्या लाटांबाबत ते ठामपणे देता येतं, अतिवृष्टीबाबत कमी, दुष्काळाबाबत त्याहून कमी.

फरक कळला की कामंही वेगळी दिसतात. एल निनो हा यंदाच्या हंगामाचा प्रश्न. मार्च-एप्रिलमधला त्याचा अंदाज कच्चा असतो, जूनपर्यंत पक्का होत जातो. तेव्हा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको, सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घ्यावं, चाऱ्याची सोय आधी लावावी. हवामान बदल हा पुढच्या तीस वर्षांचा प्रश्न, आणि तो एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही. मला राग येतो तो इथेच. प्रत्येक दुष्काळ एल निनोच्या खात्यावर टाकला की ते एक वाईट वर्ष ठरतं. टँकर लावले, अनुदान वाटलं, फाइल बंद. आणि प्रत्येक पूर हवामान बदलावर ढकलला की ओढ्यातल्या अतिक्रमणाबद्दल कुणी विचारत नाही. गावाबाहेरच्या नळकांडी पुलाचे पाइप जुन्या पावसाच्या हिशेबाने बसवलेले असतील, तर ते आजच्या पावसाला पुरतात का, हे ग्रामसभेने बांधकाम विभागाला लेखी विचारायला हवं. तसंच धरणातून पाणी सोडण्याचं वेळापत्रक आणि पीक विम्याचे निकष कोणत्या वर्षांच्या आकडेवारीवर बेतलेत, हेही.