दीर्घ स्तनपान (पुणे परिसर)

मुलाला वर्ष उलटल्यानंतरही घरच्या अन्नाबरोबर आईचे दूध चालू ठेवण्याची पद्धत. बोलीत अशा मुलाला ‘अंगावर पिणारे’ म्हणतात. पहिले ६ महिने केवळ स्तनपान आणि पुढे पूरक आहारासह २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

दूध कधी तोडावे, या प्रश्नावर पुण्यात आयुर्वेदाचा दाखला हटकून निघतो आणि तो बहुधा अर्धाच दिला जातो. सुश्रुतसंहितेत (सूत्रस्थान, अ. ३५) १ वर्षापर्यंत क्षीरप (दूध पिणारे), २ वर्षांपर्यंत क्षीरान्नाद (दूध व अन्न दोन्ही घेणारे) व त्यापुढे अन्नाद (अन्न खाणारे) अशा बालकाच्या ३ अवस्था सांगितल्या आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (उत्तरस्थान, अ. १) मात्र दात आल्यावर मुलास क्रमाक्रमाने स्तनापासून दूर करावे, असा निर्देश आहे. या ग्रंथाचा काळ साधारणतः इ. स. सहावे-सातवे शतक मानतात. दात बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यापासून येऊ लागत असल्याने काहीजण वाग्भटाला लवकर दूध तोडण्याच्या पक्षात बसवतात. परंतु दातांपासून ही क्रिया सुरू होते, तेथे ती संपत नाही, असे धरले तर दोन्ही ग्रंथांत विरोध उरत नाही. हा अर्थ अधिक सयुक्तिक दिसतो. दूध सुटलेल्या मुलासाठी वाग्भटाने तेथेच चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा मोदक सांगितला आहे. (१ वर्षाखालील मुलास मध देऊ नये, असे आजचे वैद्यक सांगते.)

घरोघरी उष्टावणात मामाने खिरीचे बोट चाटवले, तरी अंगावरचे पिणे सुरूच राहते. तोडायचे ठरले की स्तनाग्राला कोरफडीचा गर किंवा वाटलेला कडुनिंब लावतात, नाहीतर मुलाला काही रात्री आजीजवळ निजवतात.

रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या ६ खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्यात गर्भवतींमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. ते आईच्याच शरीरात कमी असेल तर दुधातही कमी उतरते, म्हणून शाकाहारी घरांत हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. लोह तर आईच्या दुधात मुळातच अल्प. दुसऱ्या वर्षात हे दूध मुलाच्या ऊर्जेची सुमारे एक तृतीयांश गरज भागवते. बाकीची वरणभात, अंडे, भाजी यांतूनच भागायला हवी. दिवसभर अंगावर पिऊन ताटाला तोंड न लावणारे मूल फिकट दिसू लागले, तर त्याचा दोष लांबलेल्या स्तनपानावर टाकण्याची रीत आहे. खरी उणीव वरच्या अन्नाची असते.

नोकरदार आयांसाठी प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ ने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात दूध पाजण्यासाठी रोज २ छोट्या सुट्ट्या ठेवल्या. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली व आईला तेथे दिवसातून ४ वेळा जाण्याची मुभा दिली. हिंजवडी वा चाकणच्या पाळ्यांत काम करणाऱ्या आईचे दुसऱ्या वर्षातले पाजणे मुख्यतः पहाटे आणि रात्रीच होते.