मॉडेल कारची बॉडी रंगवताना : चकाकी येते कशी आणि बिघडते कुठे

हे माहितीपत्रक प्लास्टिकच्या किटमधून गाडी जोडणाऱ्यांसाठी आहे. जपानी किट बहुतेक १/२४ प्रमाणातली, अमेरिकन किट बऱ्याचदा १/२५ प्रमाणातली असतात. ४.२ मीटर लांबीची गाडी पहिल्यात साडेसतरा सेंटिमीटरची होते, दुसऱ्यात १६.८ सेंटिमीटरची. फरक थोडा वाटतो, पण एका किटची चाके किंवा इंजिन दुसऱ्या किटमध्ये बसवताना तो आडवा येतो. सुटे भाग घेताना प्रमाण पाहूनच घ्या.

इथे भर बॉडीच्या रंगावर आहे. रणगाड्याच्या मॉडेलवर मळ आणि ओरखडे शोभून जातात. गाडीच्या चकचकीत छतावर मात्र धुळीचा एक कणही लपत नाही.

रंगाचा डबा उघडण्यापूर्वी

बॉडी कोमट पाण्यात, भांड्यांच्या द्रव साबणाने, मऊ ब्रशने धुवा. साच्यातून सुटावी म्हणून लावलेले तेलकट द्रव्य तिच्यावर उरलेले असू शकते आणि त्यावर रंग धरत नाही. धुऊन वाळल्यावर बॉडी उघड्या बोटांनी हाताळू नका.

साच्याचे भाग जिथे मिळतात तिथे प्लास्टिकवर केसाएवढी रेघ उमटते. मडगार्डचा माथा, छताचे खांब, बंपरचे कोपरे या तिच्या ठरलेल्या जागा. डोळ्यांना दिसली नाही तरी नख आडवे फिरवले की लागते. चकचकीत रंगाखाली ती उठून दिसते आणि तेव्हा वेळ गेलेली असते. ४०० च्या वॉटर पेपरने (आकडा मोठा तितका पेपर बारीक) ती घालवा, मग ६०० आणि १००० चा पेपर फिरवा. खळगा राहिला तर मॉडेलसाठीची लांबी (खळगे बुजवायची पुटी) पातळ थरात भरा. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि रंग झाल्यावर खचतो.

दार, बॉनेट आणि डिकीच्या फटी याच टप्प्यावर खोल करा. प्रायमर (रंगाखालचे अस्तर), रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून सात-आठ हात बसतात, त्यात उथळ फट बुजून जाते. कटरच्या पात्याची पाठ वापरा आणि तीन-चार वेळा अलगद ओढा. एकदाच जोर लावलात की पाते घसरते आणि दारावर आडवा ओरखडा उमटतो.

आता चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), आतला टब (सीट बसतात तो भाग) आणि काचा न चिकटवता एकदा बसवून पाहा. कुठे अडते ते आत्ताच घासा. रंगाच्या थराने जागा आणखी कमी होते आणि रंगवलेली बॉडी ताणून चॅसी आत सारताना खांब मोडतो. स्पॉयलर किंवा वेगळा बंपर बॉडीच्याच रंगाचा असेल तर रंगाआधीच चिकटवा.

प्रायमर आणि रंगाची निवड

पिवळ्या, लाल आणि फिक्या रंगांखाली पांढरा प्रायमर, गडद आणि मेटॅलिक रंगांखाली करडा. प्लास्टिकच लाल असेल तर सावध राहा. त्यातला रंग प्रायमरमधून वर येतो आणि पांढरी गाडी गुलाबी पडते. अशा बॉडीवर आधी चंदेरी रंगाचा एक हात द्या, मग प्रायमर.

रंगांचा क्रम पाठ करून ठेवा : लॅकरवर (झटपट वाळणारा, जहाल थिनरचा रंग) इनॅमल (सावकाश वाळणारा तेलकट रंग) चालते, इनॅमलवर लॅकर चालत नाही. लॅकरचा थिनर खालच्या इनॅमलला फुगवतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात.

खऱ्या गाड्यांचा मेटॅलिक टचअप रंग मॉडेलवर वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ०.०५ मिलिमीटरचा चमकीचा कण १/२४ च्या हिशेबाने १.२ मिलिमीटरचा होतो. गाडीवर टिकल्या शिंपडल्यासारखे दिसते. मॉडेलसाठी बनवलेल्या रंगात कण बारीक असतात.

फवारणी

लॅकर आणि थिनरच्या वाफा धुळीच्या साध्या मास्कने अडत नाहीत. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क लावा, हवा बाहेर खेचणारा पंखा चालू ठेवा, आसपास आच किंवा ठिणगी नको. दोन घटकांच्या युरेथेन क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वसनाला घातक रसायन असते. योग्य सुरक्षा साधने नसतील तर तो घरात मारूच नका.

स्प्रेचा डबा ४० अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात आठ-दहा मिनिटे ठेवा. आतला दाब वाढतो आणि थेंब बारीक होतात. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात डबा कधीही धरू नका, तो फुटतो. डबा पुसून दोन मिनिटे हलवा. अंतर १५ ते २० सेंटिमीटर. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, बॉडीवरून नेऊन पलीकडे बाहेरच बंद करायचा, कारण नोझल उघडताना आणि मिटताना जाड थेंब पडतात.

आधी कडा, चाकांच्या कमानी आणि बंपरखालची जागा घ्या, मग बाजू, शेवटी छत आणि बॉनेट. पहिले दोन हात धुके बसल्यासारखे, खालचा प्रायमर दिसत राहील असे. प्रत्येक हातानंतर १० ते १५ मिनिटे थांबा. त्यानंतर एक-दोन ओले हात. बॉडी दिव्याखाली तिरपी धरा. दिव्याचे प्रतिबिंब स्वच्छ उमटले तर हात बरोबर बसला. प्रतिबिंबाची कड खरखरीत दिसली तर रंग कोरडा पडतो आहे, थोडे जवळून मारा.

एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारे छोटे साधन) असेल तर ०.३ मिलिमीटरचे नोझल आणि १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. लॅकर एक भाग, थिनर एक ते दीड भाग. मिश्रण दुधाइतके पातळ हवे : कपाच्या भिंतीवर ओघळल्यावर मागे पातळ पापुद्रा राहिला पाहिजे.

काय बिघडते आणि का

संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला तर रंग बॉडीवर पोचेपर्यंत अर्धा वाळला होता. अंतर जास्त, रंग जाड किंवा हवा फार गरम, तिन्हींपैकी एक कारण असते. पूर्ण वाळू द्या, २००० च्या पेपरने पाण्यासह सपाट करा, मग पुढचा ओला हात द्या.

ओघळ आला की हात आवरा. पुसायला गेलात तर बोटभर ओघळाचा तळहाताएवढा डाग होतो. दोन-तीन दिवस वाळू द्या, १५०० चा पेपर छोट्या कडक ठोकळ्याला गुंडाळून फक्त ओघळाचा उंचवटा घासा. बोटाने घासलेत तर शेजारी खोलगट पडते.

माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर खाली तेल किंवा सिलिकॉन आहे. वरून रंग मारून ते भरत नाहीत. घासून खालपर्यंत जा आणि बॉडी पुन्हा धुवा.

दमट हवेत लॅकरवर दुधाळ पांढुरकेपणा येतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला. पांढुरकेपणा आलाच तर सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा द्या, बहुतेक वेळा तो विरून जातो.

सगळेच फसले तर बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. ॲक्रिलिक आणि बरेच स्प्रे-लॅकर त्यात सुटतात. आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्या) तुकड्यावर करून पाहा.

डेकल, क्लिअर, पॉलिश

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे पातळ चित्र) चकचकीत पृष्ठभागावरच लावा. खडबडीत रंगावर लावले की खाली हवा अडकते आणि पारदर्शक कड चंदेरी दिसते. कोमट पाण्यात २०-३० सेकंद बुडवा, बाहेर काढून कागदावरून आपोआप सरकेपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी क्लिअर. पहिले दोन हात धुक्यासारखेच द्या. ओला लॅकर थेट पडला तर डेकल आकसते. वर एक-दोन ओले हात पुरे.

आता थांबायचे. लॅकरला किमान आठवडा, इनॅमलला दोन आठवडे किंवा जास्त. बॉडी नाकाशी धरा : रंगाचा वास येत असेल तोवर तो आतून ओला आहे. घाईने पॉलिश केले तर बोटांचे ठसे रंगातच उमटतात.

पॉलिशसाठी ४०००, ६०००, ८००० आणि १२००० चे पॉलिशिंग कापड पाण्यात साबणाचा थेंब टाकून क्रमाने वापरा, मग कंपाउंड (चकाकी आणणारी पॉलिशची पेस्ट). कडांवर आणि उठावाच्या रेघांवर थर मुळातच पातळ असतो, तिथे मिलिमीटरभर रुंदीची मास्किंग टेप लावून घासा आणि शेवटी काढा. मेटॅलिक रंग क्लिअरशिवाय कधीच घासू नका, चमकीचे कण उघडे पडून काळे डाग दिसतात. फटींत साठलेले पांढरे कंपाउंड मऊ ब्रशने साबणपाण्यात निघते.

काचेभोवतीची क्रोम पट्टी रंगाने रेखण्यापेक्षा धातूच्या पातळ चिकट वर्खाने चांगली येते. वर्ख पट्टीवर पसरा, कापसाच्या काडीने घासून दाबा आणि कोऱ्या पात्याने कडेकडेने कापा. बोथट पाते वर्ख फाडते, म्हणून प्रत्येक गाडीला नवे पाते घ्या.

जोडणी आणि बदल

काचा सुपरग्लूने चिकटवू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी धरते. वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद वापरा. क्रोम भागांवर प्लास्टिकचा गोंद धरत नाही, सांध्यापुरते क्रोम खरवडा.

इंजिनला प्लगच्या वायर जोडायच्या असतील तर खरी वायर साधारण ८ मिलिमीटर जाड असते, म्हणजे १/२४ मध्ये ०.३ मिलिमीटरची तार. जाड तार घेतली तर इंजिनावर दोर बांधल्यासारखे दिसते. डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) असलेल्या व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनला प्लगच्या आठ आणि कॉइलची एक अशा नऊ वायर लागतात.

व्हिनाइलचे टायर काही किटमध्ये वर्षा-दोन वर्षांत प्लास्टिकची रिम वितळवतात, कारण टायरमधले मऊपणा देणारे द्रव्य पाझरून प्लास्टिकमध्ये शिरते. टायर चढवण्यापूर्वी रिमच्या कडेवर, जिथे टायर टेकतो तिथे, वर्खाची एक पट्टी गुंडाळा.